थांबलेला ठिपका

अंथुर्णे, शुक्रवार

काल या वहीत लिहायचं ते आज लिहितोय, माफी असावी.

डेअरीचा टॅब हरवला. सगळ्या टॅबची आणि फोनची माहिती क्लाउडवरून ओढून आणणारा कोड माझ्या लेकाने, सलीमने लिहिलेला. त्यात नकाशावर टॅबचा ठिपका गडी दत्तूच्या घरावर दिसला. मालकाच्या माणसांनी दत्तूला फरफटत आणून काठ्यांनी फोडून काढलं. त्याचे दात सांडलेल्या दुधात पडले.

सलीम ओरडला, "आरं थांबा! ठिपका जुना हाय, सोमवारपास्नं सिंक झालं न्हाय!"

"लय शाना हायेस व्हय?" म्हणत एकाने त्याच्याही डोक्यात काठी घातली.

आणि मी? भिंतीला चिकटून उभा.

टॅब मालकाच्याच गाडीत सापडला, चार्जिंग संपलेला. तरी काठ्या थांबेनात. रक्ताळलेल्या सलीमने कसंबसं दत्तूला मोटरसायकलवर घातलं आणि इंदापूरच्या दवाखान्याकडे निघाला. मागोमाग त्यांची जीप गेली.

कालपासून सलीमचा फोन बंद. सूनबाई लॅपटॉप दाखवते, "अब्बा, हे बगा, निमगाव केतकीला हायेत." तिथे त्याचा ठिपका हलत नाही. जुना ठिपका म्हणजे काय, ते मी काल पाहिलं. तिला कसं सांगू?

सलीम, ठिपका नको रे. कुणाच्याही फोनवरून बोल, पण लवकर बोल.