अप्पांची सही

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १२ डिसेंबर १९४०

चि. शिवगंगा हिस महानंदाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अप्पांचा खोकला उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला. आता थंड ताक मागतील, ते तेवढं देऊ नकोस.

तर मुद्द्याचं ऐक. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला तू इकडं यायचंच. सिद्धरामाच्या नावाला अप्पा नाही म्हणायचे नाहीत. पण खरं कारण वेगळं आहे, ते पोटात ठेव. ह्यांच्या मिलनं यात्रेत लुगड्यांचं प्रदर्शन मांडलंय आणि तिथं बायकांची सौंदर्य-स्पर्धा आहे. अगं, तोंडाला पदर लावून हसू नकोस! मिलचं लुगडं नेसायचं, दहा पावलं चालायचं, चार वाक्यं बोलायची, झालं. मांडवात सगळ्या बायका, पुरुषाचं चिटपाखरू नाही. फायदे किती सांगू? तुझी भीड चेपेल. चारचौघींत ताठ उभं राहता येईल. दार वाजलं की माजघरात पळणारी पोरगी उद्या वर्गापुढं उभी कशी राहणार? आणि मुख्य म्हणजे परीक्षक आहेत ट्रेनिंग कॉलेजच्या मोठ्या बाई. त्यांनी तुला एकदा बघितलं, तुझं बोलणं ऐकलं, की जूनमध्ये तुझा अर्ज वरच राहील. मास्तरीण व्हायचंय ना तुला? मग देवानं दिलेलं रूप काय चुलीच्या धुरात काळं करायचंय?

वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल. तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेय.

तुझी अक्का,
महानंदा

॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥

वाशी, ता. २६ डिसेंबर १९४०

ती. सौ. अक्कास शिवगंगाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग चुलीत घातलं. त्या नादात तव्यावरची भाकरी करपली. अप्पा म्हणाले, लक्ष कुठं आहे तुझं. आता काय सांगू, सौंदर्यात आहे म्हणून?

अक्का, मला लई भीती वाटते गं. गेल्या साली लातूरचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा चालून दाखव म्हणाले, केस सोडून दाखव म्हणाले, आणि गेल्यावर होय-नाहीचा निरोपसुद्धा धाडला नाही. त्यापेक्षा तुझी स्पर्धा बरी म्हणायची, निदान निकाल तरी तोंडावर कळतो. पण अप्पांपासून आजवर मी काही लपवलं नाही. भावकीनं किती बोल लावले तरी त्यांनी मला शिकू दिलं. जूनमध्ये तुझ्या घरी राहून ट्रेनिंगला जा असं आपणहून म्हणाले, ते तू तिथं आहेस म्हणून. परक्याच्या घरी त्यांनी मला एक दिवस ठेवलं नसतं.

मी येते, पण तू शब्द दे. माझं नाव आणि माझा फोटो मांडवाबाहेर जाता कामा नये. अप्पांची मान खाली गेली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. भित्री भागूबाई म्हण हवं तर. अव्वा गेली आणि पाच वर्षांची मी आईवेगळी झाले. बार्शीला मामांकडं मराठी शिकून तू आलीस आणि माझा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलंस. तुझ्या शब्दावरच निघतेय.

अप्पांनी तुला आशीर्वाद लिही म्हणून सांगितलंय. आपण आळंदकडून आलेली कानडी माणसं. ते लेखणी धरतात ती कानडीत सही करण्यापुरती, तुला ठाऊकच आहे. पोरांचे माझ्या वतीनं गालगुच्चे घे.

तुझी,
शिवगंगा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १६ फेब्रुवारी १९४१

चि. शिवगंगा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काय म्हणतात पहिल्या नंबरच्या राणीसाहेब? वाशीला गेल्यावर शेणकूट तरी करताय की नाही? तुझा बक्षिसाचा चांदीचा करंडा माझ्या पेटीत नीट आहे. मोठ्या बाई परवा देवळात भेटल्या. मुलगी फार धीटपणे बोलली, अर्ज लवकर पाठवा, असं आपण होऊन म्हणाल्या. बघ, मी सांगत होते ते खोटं होतं का?

फोटोचं तू चारदा विचारलंस. अगं बाई, बक्षिसाचं हिरवं लुगडं नेसवून तुला स्टुडिओत नेलं ते आपल्या दोघींच्या आठवणीसाठी. तो माझ्या पेटीत, लुगड्याच्या घडीत आहे. शब्द दिलाय ना मी? मग कशाला जीव खातेस?

एक गोड बातमी. ह्यांना मिलनं माल रवाना करायच्या खात्यात मोठं केलं आणि मिलच्या चाळीत दोन खोल्या दिल्या. एकदम कसं काय, असं शेजारणी विचारतात. मी म्हणते सिद्धरामाची कृपा. मागची खोली तुझी. तिला खिडकी आहे, वाचायला उजेड चांगला येतो.

अप्पांना नमस्कार सांग, आणि अक्काची आठवण काढत जा.

महानंदा

वाशी, ता. १५ एप्रिल १९४१

अक्का,

नमस्कार. खुशाली विचारत नाही.

येडाईच्या यात्रेला अप्पांनी दुकानातलं कापड घेऊन येरमाळ्यात पाल टाकलं होतं. सोलापूरहून नवा गठ्ठा आला होता. गिऱ्हाईक दाटलं होतं, अप्पांनी सगळ्यांपुढं गठ्ठा फोडला, वरचं थान हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. थानावर माझं कागदी चित्र चिकटवलं होतं, अक्का. रंगीत. तेच हिरवं लुगडं. नाकात नथ काढलीय, मी कधी घातली नाही ती. खाली मोठ्या अक्षरात शिवगंगा छाप. अप्पांनी दुसरं थान उचललं, तिसरं उचललं. माझ्याशिवायचं एखादं सापडतंय का बघत होते. एकही नव्हतं. गर्दीतल्या एकानं विचारलं, लुगड्याबरोबर पोरगीबी मिळती का. लोक हसले.

तेवढ्यात मिलचा दलाल रेवणप्पा आला. त्याला वाटलं अप्पांना कौतुक असेल. त्यानं पिशवीतून कागद काढला, वडिलांच्या संमतीचा. खाली अप्पांच्या नावाची सही, महांतप्पा, बाळबोध मराठीत. अप्पांनी कागद हातात धरला तो धरलाच. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. ते अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. त्याच अक्षरावर मी गिरवलंय.

शेजारच्या पालातले दगडोबाकाका पुढं झाले आणि त्यांनी सरळ विचारलं, सही तुमची का? अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, व्हय, माझीच.

कळतंय का तुला काय झालं ते? नाही म्हणाले असते तर खोट्या सहीबद्दल फौजदारी झाली असती, दाजींची नोकरी गेली असती. व्हय म्हणाले म्हणजे बापानंच लेकीचं तोंड बाजारात मांडलं असं झालं. तुझा संसार त्यांनी वाचवला. मला कुणी वाचवायचं होतं?

मी पालात लपले नाही. बाहेर येऊन उभी राहिले आणि दिवस मावळेपर्यंत लुगडी दाखवली. माणसं चित्राकडं बघायची आणि मग माझ्याकडं. मी मान खाली घातली नाही. तुझ्या स्पर्धेचा फायदा झाला तो एवढाच.

खरं काय ते लिही.

शिवगंगा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. २२ एप्रिल १९४१

चि. शिवगंगा हिस अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पण माझंही ऐकून घे. पहिल्या नंबरचा फोटो मिलला देतो, असा शब्द ह्यांनी साहेबाला आधीच देऊन ठेवला होता. नाही दिला तर बढती नाही आणि खोल्या नाहीत. दोन पोरं घेऊन अंधाऱ्या खोलीत मी सात वर्षं कशी काढली ते तू बघितलंस. हे म्हणाले, हा छाप सोलापुरात विकायचाच नाही, सगळा माल नाक्यापलीकडं निजामाच्या मोगलाईत जाणार. मला वाटलं, मोगलाई केवढी अफाट, नेमका अप्पांच्याच पालात कशाला येईल? आणि एवढं वाईट तरी काय झालं गं? लोक थानावर लक्ष्मी-सरस्वतीचं चित्र लावतात, तिथं तुझं लागलं. अशा मानासाठी कितीजणी तळमळतात!

झालं गेलं गंगेला मिळालं म्हण. तुझी खोली झाडून ठेवलीय, जूनमध्ये ये. आणि एक कर. सही दाजींनी केली असं अप्पांना वाटत असेल तर तसंच वाटू दे. त्यांच्या मनातून मला उतरवू नकोस, एवढी भीक घाल.

तुझीच,
अक्का

वाशी, ता. ४ मे १९४१

सौ. महानंदा हिस,

हे पत्र अप्पा सांगतायत तसं लिहितेय. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही, शेवटचासुद्धा.

ते म्हणाले, अक्षर मी यात्रेतच ओळखलं होतं. बार्शीहून तू पहिलं पत्र धाडलं होतंस, ते अजून दुकानाच्या पेटीत आहे. त्यांना वाचता येत नाही, पण कधीमधी काढून बघतात. मला हे आजवर माहीत नव्हतं.

जूनचं त्यांनी असं सांगितलं की ज्या घरात माझी सही होते, त्या घरी दुसरी लेक ठेवणार नाही. दुसरं घर सोलापुरात आपलं नाही. मी पुष्कळ रडले, पाया पडले. ते उठून दुकानात गेले. माझा अर्ज आज परत मागवलाय. तुझ्या मोठ्या बाईंना काय कारण सांगायचं ते तू सांग, तुला जमतं.

उरलेल्या सगळ्या थानांवरची चित्रं अप्पांनी ओलं फडकं लावून सोडवली. एकही फाडलं नाही. जूनसाठी मला नवी ट्रंक आणली होती, तिच्यात ती रचून ठेवलीत. त्या ट्रंकेत आता दुसरं काही नाही.

अप्पा तुला आशीर्वाद सांगतात. पोरांना जपा म्हणतात. हे त्यांचं. माझं म्हणून काही लिहायला हात धजत नाही.

खाली आज अप्पांनी स्वतः सही केलीय, कानडीत. तुला कानडी लिहिता येत नाही म्हणून मराठीवर भागवावं लागलं, नाही का? आता पाटी घे आणि गिरव. हात धरायला मी येणार नाही.

शिवगंगा