शेवटचे अकरा सेकंद

३ ऑगस्ट
उजुंगबरुंगला पोचले एकदाची! गारुतहून येणारी बस घाटात तीन तास रखडली, तरी मूड गेला नाही. तेह लिलिसच्या, म्हणजे लिलिसताईच्या, कॅसेट कंपनीत आवाज जुळवायचं काम मिळालंय. म्हणजे दिवसभर मेटल ऐकायचं आणि त्यालाच काम म्हणायचं! खोली कंपनीच्या वरच आहे, खिडकीखाली बाला-बाला भज्यांची गाडी, सकाळपासून तळणाचा वास. तेह लिलिसनं आल्या आल्या बजावलं, की नेंग, पोरी, वीस तारखेपर्यंत समागाहाचा अल्बम कॅसेटवर चढवून दे, मग नोकरी पक्की. नाहीतर परत जा बापाच्या दुकानात चामड्याचे पट्टे शिवायला. पट्टे मी या जन्मात शिवणार नाही.

५ ऑगस्ट
समागाहा म्हणजे ग्रहण. बँडला नाव शोभतं. पहिली दहा मिनिटं एकच गिटार गुरगुरते, मग बांबूची मोरचंग घुसते, मग ड्रम. ड्रमर कांग ओमान, सगळ्यांचा ओमानदादा, दर फेरीत एक ठोका कमी करत जातो, त्यामुळे मान कुठे हलवावी तेच कळत नाही. मी बारा वर्षांची असल्यापासून मेटल ऐकतेय, पण यानं डोकं उठलं. कांग ओमानला तसं सांगितलं, तर तो हसत सुटला. म्हणाला, की नेंग, तुझ्या कानात अजून गारुतचा दोदोल हलवा चिकटलाय, आधी तो खरवडून काढ. माणूस गोड आहे. अल्बम नाही.

८ ऑगस्ट
दुसरी बाजू कॅसेटपेक्षा अकरा सेकंदांनी लांब! शेवटी सगळी वाद्यं थांबतात, जरा शांतता, आणि मग टांगलेल्या पितळी गोंगचा एकच ठोका घुमत राहतो. गोंग वाजवलाय अबाह सारकिमनी. कांग ओमानच्या गावचे म्हातारे आजोबा, सत्तरीच्या पुढचे, कानानं जवळजवळ बहिरे. मी तो ठोका उडवला. सगळे आधीच थांबलेत, आणि इथल्या पोरांना धाडकन तुटलेला शेवट आवडतोच. तेह लिलिस खूश. तिनं नेहमीप्रमाणे मूळ रेकॉर्डिंग पुसून जागा मोकळी केली. नमुन्याची कॅसेट कांग ओमानला दिली.

१२ ऑगस्ट
दुसरी बाजू परत अकरा सेकंद लांब. कापली. जेवून आले तर बावीस सेकंद! मी जिथे कापलं त्याच्या पुढे बँड वाजवतच सुटलाय, आणि हे कुणी कधी वाजवलंच नव्हतं. दुसऱ्या एका गाण्यातला गोंग आणून शेवटी चिकटवला. तासाभरानं वाजवणं त्याच्याही पुढे गेलेलं. हेडफोन भिंतीवर फेकून मारला. तेह लिलिस म्हणते, की मशीनला काही झालेलं नाही, तुलाच झोप हवीय. तिनं फक्त पहिली बाजू ऐकलीय, तिला काय जातंय बोलायला!

१४ ऑगस्ट
कांग ओमानच्या घरी गेले. नमुना ऐकल्यापासून त्याचे हात थांबत नाहीत. टेबलावर, मांडीवर, भाताच्या ताटावर, तेच ठोके. बोटं सोलवटलीत, चार दिवस झोप नाही. म्हणाला, की शेवटचा गोंग कुठाय, नेंग? आमच्या गावात गोंग पडेपर्यंत वाजवणारा जागचा उठत नाही. मला माहीत होतं. गारुतकडेही हीच रीत, मला हे माहीत होतं! मेटलला कोण लावतो ही रीत, म्हणून कापला. मी त्याच्या पाया पडले. पाया पडतानाही माझा अंगठा फरशीवर ठोके देत होता.

१७ ऑगस्ट
आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. गल्लीत पोरं दोरीला टांगलेले पापड हात न लावता खातायत. मलाही ओढून नेलं. माझी मान ठोक्यावर हलत होती, पापड तोंडात येईना, सगळे पोट धरून हसले. घरी येऊन नाडी मोजली. ठोका, ठोका, एक गाळलेला. तीच फेरी.

१८ ऑगस्ट
तेह लिलिसनं अबाहना गावाहून आणलं. भर दुपार, कांग ओमानचं अंगण, गोंगला फुलं वाहिली, कॉफी ठेवली. अबाहनी एकच ठोका दिला.
कांग ओमानचे हात थांबले. आता बरं वाटलं म्हणाला. हसला. श्वास सोडला —
परत घेतलाच नाही.

१९ ऑगस्ट
अबाहच्या कानाशी ओरडून विचारलं. ते म्हणाले, की ठोक्याची वेळ असते, पोरी. ती टळली की वाजवणं माणसाच्या आत वाढतं. मग जिथे ते संपेल तिथे तो संपेल, आणि एका ठोक्यात एकाचंच संपतं. हे त्यांनाही कालच कळलं. रडत होते.
म्हणजे झोपायचं नाही, थांबायचं नाही, पण जगायचं. चालेल. मला चालेल.
तेह लिलिसला सगळं सांगितलं. तिला पटत नाही. म्हणते, आठ रात्रींच्या जागरणानं हृदय गेलं त्याचं, आपण अबाहना उशिरा बोलावलं. तुझ्या बाबतीत उशीर करणार नाही.

२० ऑगस्ट, सकाळ
दोन्ही पाय चालू. डावा हात टेबलावर. उजव्यानं लिहितेय — ठोक्यावर —
खाली गाडी थांबली.
तेह लिलिस जिन्यात. म्हणतेय, घाबरू नकोस गं, बाई माझी, आणलंय मी त्यांना —
नको म्हणायला तोंड उघडलं. आतून गिटारच —
अबाहना मी सांगितलं होतं, मला ठोका देऊ नका! त्यांना ठाऊक आहे! ते मान हलवतायत, नाही नाही करतायत. तेह लिलिस गोंगची मोगरी त्यांच्या हातातून ओढतेय —
ती रडतेय. माझ्यासाठीच —
दार लावता येत नाही, हात —
वही दाखवते तिला. वाच, तेह, वाच. ती बघतच नाहीये, गोंगकडे —
तेह, मला अजून वाजवायच