म्हाताऱ्याच्या पोटातली बाहुली

३१ डिसेंबर, संध्याकाळ

वाचली एकदाची! आज जाळायच्या सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याच्या पुतळ्यात भरायला गल्लीतल्या पोरांना जुन्या कपड्यांची पिशवी मीच दिली, आणि त्यातच बाहुली! देताना आत बघायला काय झालं होतं मला? लहानपणी सांडोरच्या केळीच्या वाडीत चिखलात सापडलेली, एका डोळ्याची. आधी माझी, आता माझ्या लेकीची, रियाची. धावत जाऊन म्हाताऱ्याचं पोट उसवलं. पोरं ओरडली, "आंटी, आमचा म्हातारा!" पेंढ्यातून तो एक डोळा दिसला आणि मला रडूच फुटलं. माझा जुना गाऊन कोंबून पोट परत शिवून दिलं.

रिया मात्र शांत. तिने बाहुलीवरचा पेंढा झटकला आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

"मम्मी, आज तुझ्याजवळ झोपू दे तिला. तू घाबरलीस ना."