सुनेची झोप, सासूची जाग

८ एप्रिल

दतिया गेटच्या गल्लीतली चाचणीची नोंदणी संपली. गल्ली झाडून सगळी आली. श्रेय माझं नाही, अम्माजींचं. पिठाच्या गिरणीवाल्या घरातल्या सत्तरीच्या बाई. मी पत्रकं वाटत फिरले तेव्हा कोणी धड दारही उघडलं नव्हतं. अम्माजी ओट्यावर बसल्या बसल्या एवढंच म्हणाल्या की 'डॉक्टरनी बिन्नू' (म्हणजे मी; बिन्नू म्हणजे इकडे लेक) काही विचारतेय तर सांगा तिला. झालं.

प्रश्न साधा. जेवणानंतर दुपारी अर्धा तास आडवं व्हावं की होऊ नये? रक्तदाबाला, रात्रीच्या झोपेला, स्मरणशक्तीला काय बरं? उत्तर जो तो छातीठोकपणे देतो, खात्रीने कोणालाच माहीत नाही. म्हणून वर्षभर अर्ध्या लोकांनी झोपायचं, अर्ध्यांनी जागायचं. कोण कुठे ते कंप्युटर ठरवणार. मी नाही, आमचा संख्याशास्त्रवाला इम्रान नाही, लोक स्वतःही नाहीत. शहरभरातून हजारो माणसं. आमच्या कॉलेजात एवढं मोठं काम आजवर कोणी केलेलं नाही.

मजा येतेय. खरंच.

११ एप्रिल

चिठ्ठ्या निघाल्या. (आहे कंप्युटरच, पण लोकांत चिठ्ठ्या म्हणूनच चाललंय.) अम्माजी जाग-गटात. त्यांची सून सरोज झोप-गटात.

इम्रान पडद्याकडे बघत म्हणाला, मॅडम, ये घर तो गया.

गेलं तर गेलं. एका घराला एकच गट नाही, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, हे विचार करूनच ठरवलेलं.

सांगायला मीच गेले. अम्माजींनी आधी सुनेकडे पाहिलं. मग, "बहू सोएगी और हम जगेंगे?" सरोज दारात उभी, पदर डोक्यावर, नजर जमिनीकडे. मी सांगितलं, नको असेल तर आत्ता नाव काढून घ्या, मला राग नाही. पण अदलाबदल होणार नाही. अम्माजींनी सुपारी कातरली, तोंडात टाकली. जबान दी है, म्हणाल्या.

१२ एप्रिल

आता घरचंच. अप्पांनी इलाइट चौराह्यावरच्या आमच्या नोंदणीच्या टेबलापाशी जाऊन परस्पर नाव दिलंय. मुलीला पत्ता नाही. आणि लागला जाग-गट! रेल्वेच्या नोकरीतली रोजची दुपार सोडली तर हा माणूस जन्मभर जेवण झालं की डाव्या कुशीवर. वामकुक्षी हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले.

"तुझ्याच हातात आहे ना सगळं?"

"हातात नाही म्हणून तर किंमत आहे, अप्पा."

फुरंगटले. जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारत होते, मला दिसेल अशा बेताने. चाचणीवर देखरेख करणाऱ्या सुरक्षा समितीला कळवून टाकलं की वडील चाचणीत आहेत. त्यांची मोजमापं शहरातलं दुसरं तपासणी केंद्र घेईल.

२ मे

सरोजची भेट. झोप लागते का? आधी लागत नव्हती म्हणे. लग्न झाल्यापासून दुपारी पाठ टेकलेली नाही. सासू जागी आणि आपण आडवं... अंगाला सवयच नाही. छताकडे बघत पडायची, कान स्वयंपाकघरात. आता लागते.

सासूबाई काय म्हणतात, विचारलं. "कुछ नहीं कहतीं. बस बर्तन ज़ोर से रखती हैं."

दोघी हसलो. तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. आमच्या प्रश्नावलीत हे कुठे बसत नाही.

१९ मे

अम्माजी पडल्या. भर दुपारी, जिन्यावर. पापड वाळत घातले होते ते आणायला गच्चीवर गेल्या, उतरताना चक्कर. डावं मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही, नशीब. सरोज खोलीत झोपलेली. आवाजाने उठून धावली, तिनेच रिक्षात घालून नेलं.

आधी हॉस्पिटल, मग कॉलेजात येऊन सुरक्षा समितीला आजच्या आज कळवलं. दोन्ही गटांचे आकडे फक्त समिती पाहते. आम्ही आंधळे. तसंच हवं.

कारण? हे ऊन. रक्तदाबाची गोळी. दुपारची जाग. तिन्ही, किंवा तिन्ही नाही. एका माणसावरून सांगता आलं असतं तर हजारो कशाला गोळा केले असते.

अम्माजी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुखत होतं म्हणून, की...

२१ मे

गल्लीत एकच चर्चा. डॉक्टरनीने म्हातारीला झोपू दिलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, म्हातारी पडली तेव्हा सून लोळत होती. सरोजने दुपारचं आडवं होणं बंद केलंय. नावं काढून घेणाऱ्यांचे फोन. ही गल्ली गेली की शेजारची जाणार. इम्रान शांतपणे म्हणाला की असंच चाललं तर कळण्याजोगं काही उरणार नाही.

प्राचार्यांनी बोलावलं. सर चांगले आहेत, घाबरलेत फक्त. अम्माजींना गुपचूप झोप-गटात टाका म्हणाले, गल्ली शांत होईल, कोणाला कळतंय. म्हटलं, सर, मला कळेल. आणि आज त्यांना हलवलं की उद्या ज्याला ज्याला बरं वाटेनासं होईल त्याला हलवावं लागेल. मग जाग-गटात फक्त धडधाकट उरतील, आणि आपण जाहीर करू की दुपारी जागणं तब्येतीला उत्तम.

सरांनी चहा मागवला. विषय संपला.

उद्या गल्लीत स्वतः जाऊन बोलणार. लपवायचं काही नाही, मग भीती कसली.

२२ मे

ऊन उतरल्यावर देवळासमोर बसलो. बायका जास्त. सरळ सांगितलं. अम्माजी पडल्या, हे खरं. जागल्यामुळे पडल्या का, मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही. सोडायचं त्याने सोडावं. झोपायचं त्याने उद्यापासून दुपारी खुशाल झोपावं, कोणी बोलणार नाही. फक्त तपासायला येत राहा. जो ज्या गटात निघाला तिथेच त्याचा हिशेब राहील.

मागून कोणी म्हणालं, अपने घरवालों को तो सुलाती होंगी.

आणि अप्पा उठून उभे. आलेले मला ठाऊकही नव्हतं. "हम इनके पिताजी हैं. हमें भी जगाकर रखा है. हमारी भी नहीं सुनी." लोक हसले. अप्पा मात्र गंभीर. शर्टाची बाही सरळ केली आणि बसले.

मग ओट्यावरून अम्माजी. हात गळ्यात बांधलेला. गल्ली तिकडे वळली. म्हणाल्या, पापडाची हौस मला होती, गच्चीवर डॉक्टरनीने पाठवलं नव्हतं. हाडाच्या डॉक्टरने दुपारी पडून राहायला सांगितलंय, तेव्हा हात जुळेपर्यंत पडणार. पुढे परत जागणार. लिहून घे.

लिहून घेतलं.

मग सुनेकडे बघून, सगळ्यांसमोर: "और तैं काय नईं सो रई? तोरो तो नाम निकरो है."

तू का झोपत नाहीस, तुझं तर नाव निघालंय. आवाज नेहमीसारखाच खरखरीत. सरोजने मान हलवली आणि आत गेली. बायकांत कुजबुज, पण वेगळी.

परतताना अप्पांना विचारलं, कसे आलात. टेंपोने, म्हणाले. दुपारीच निघालो, दुसरं करायला काय ठेवलंयस.

२४ मे

बरेच परतले. कोपऱ्यावरची घरं नाहीत. चालायचंच. इम्रान म्हणतो पुरेसे आहेत.

५ जून

समितीचं उत्तर आलं. चालू ठेवा. एवढंच. शिवाय दोन्ही गटांना सांगा की दुपारच्या उन्हात गच्ची, जिने, बाजार टाळा. हे मलाच आधी सुचायला हवं होतं. आज सगळ्या केंद्रांना कळवलं.

'चालू ठेवा' वरून काही ताडता येत नाही. फरक नसेल, किंवा असेल पण अजून पुरता दिसत नसेल. सर विचारत होते, तुम्हाला काय वाटतं? काही वाटत नाही म्हटलं. ते खरं आहे.

१४ जून

दतिया गेट. अम्माजींचं प्लास्टर अजून आहे. सरोजची खाट आता त्यांच्या खोलीत, कूलरसमोर. अम्माजींनीच ओढून घ्यायला लावली, एक कूलर दोघींना पुरतो म्हणे. दुपारी गिरणीवरून कोणी हाक मारली तर अम्माजीच आतून ओरडतात, बहू सो रही है.

सरोज मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. आजवर कधी आली नव्हती. कोपऱ्यावर थांबली.

"मैडम, अगर निकला कि सोने से कुछ नहीं होता, तो?"

तिला काय विचारायचंय ते कळलं. डॉक्टरनीने सांगितलंय, नाव निघालंय, या आधारावर ती आडवी होते. तो आधारच गेला तर.

"तो वही लिखूँगी," म्हटलं.

तिने मान हलवली. वाईट वाटल्याचं दाखवलं नाही. "तब तक तो सोना है न?"

"हाँ. तब तक सोना है."

कॉलेजात येऊन पहिलं काम केलं. सरोजच्या भेटी पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या केंद्राकडे दिल्या. इम्रानने कारण विचारलं. खरं तेच सांगितलं. निकाल झोपेच्या बाजूने लागावा, असं मला वाटायला लागलंय.