झुंबरच्या डोळ्यांचं औषध

कोल्हापूर
२ मार्च २००९

चि. दीक्षास, शेवंता आज्जीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण, फोनवर तू बोलतीस ते मला मांजर ओरडल्यागत ऐकू येतं. कान गेलं, हात अजून हाय. साक्षरतेच्या वर्गातलं अक्षर हाय, डोळं फाडून वाच.

गल्लीत गोवर आलाय. ज्ञानूचा नातू आणि शालूबाईची दोन पोरं तापानं फणफणल्यात. दवाखान्याची नर्सबाई दारोदार पोरांची कार्डं बघत फिरतीया. मी तिला ऐटीत सांगितलं, माझा पणतू पुण्यात असतो, आई कॉम्प्युटरातली इंजिनियर हाय, त्याचं सगळं वेळेवर झालं असंल. मग तुझ्या आईला विचारलं, तर ती उगंच डबं पुसाय लागली. आर्यन दहा महिन्यांचा झाला की. गोवराची सुई नवव्या महिन्यात असती. टोचली का न्हाय, एवढंच लिही. जयंतीला येणार म्हणतीस, तर टोचून ये. तुझी झुंबर आत्या त्याच्यासाठी वेताची खुर्ची विणत बसलीया. दिसत नसून तिची वीण डोळसाच्या तोंडात मारील अशी असती.

लोभ असू दे, पण आधी उत्तर दे.

तुझी आज्जी


पुणे
९ मार्च २००९

ती. आज्जीस, दीक्षाचा सविनय जयभीम. झुंबर आत्यालाही सांग.

आज्जी, रागावू नकोस. आर्यनला लस द्यायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. इंटरनेटवर आयांचा एक कट्टा आहे, शेकडो जणी तिथे रोज लिहितात. लसीत काय काय असतं, परदेशात मुलांना काय झालं, सगळं वाचूनच ठरवलं. पाळणाघरवाल्या बाई कार्ड मागतात, सरकारी माणसं फोन करतात. माझ्या बाळाच्या अंगात काय घालायचं ते सरकारनं का ठरवायचं?

मी तिथे आत्याची हकिगतही लिहिली. दीड वर्षाची असताना तिला गोवर आला, डॉक्टरनं डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि त्या औषधानंच डोळे गेले. आजोबा सांगायचे तसंच लिहिलं. दोन दिवसांत दोनशेवर उत्तरं आली! साताऱ्याच्या एका बाईनं तर ते वाचून मुलीची सुई रद्द केली. ज्यांच्या घरात घडलंय त्यांना कुणी शहाणपण शिकवू नये, असं सगळ्याच म्हणतात.

जयंतीला येतेच आहोत. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी दीक्षा


कोल्हापूर
१४ मार्च २००९

दीक्षे, जयभीम. ह्या पत्रात आशीर्वाद न्हाय. पुढचं वाच, मग माझा आशीर्वाद घ्यायचा का ते तूच ठरव.

तुझं पत्र नेहमीसारखं झुंबरला मोठ्यानं वाचाय लागलो. अर्ध्यावर आलो आणि कागदाची घडी घातली. पुढं सगळं खुशाल हाय म्हणून ठोकून दिलं.

त्या औषधानं झुंबरचं डोळं गेलं न्हाईत. ते औषध तिच्या डोळ्यात कधी गेलंच न्हाय.

तुझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला, घरातलं देव पंचगंगेत सोडलं. मीबी शेजारी हात जोडून हुबा हुतो. पण भ्या नदीत सोडता येतं व्हय? झुंबरला गोवर आला तवा माझी आई घरात हुती. ती म्हणाली, पोरीच्या अंगात बाई आलीया, म्हंजे देवी, औषध घातलंस तर कोपंल. लिंबाचा डहाळा दाराला लावला तर तुझे आजोबा बघतील, म्हणून तो लावला न्हाय. पण देवीला चालत न्हाय म्हणून गुपचूप फोडणी बंद केली, आणि डॉक्टरची बाटली रोज थोडी थोडी मोरीत ओतली. संपत आल्यागत दिसाय पाहिजे ना. ते गिरणीतनं आलं की विचारायचं, औषध घातलंस का? मी म्हणायचो, घातलं. नवव्या दिवशी पोरीच्या बुबुळांवर पांढरं आलं.

तुझे आजोबा मरंपतूर त्या डॉक्टरला शिव्या घालत हुतं. डॉक्टर बिचारा रस्त्यात दिसला तर मान खाली घालून जायचा. मी ऐकून घेतलं, आणि चव्वेचाळीस वर्षं खरं दडवून ठेवलं.

तवा गोवराची लस नव्हती. असती तर मी तीबी चुकवली असती, एवढीच अक्कल हुती मला. तुझीबी तेवढीच हाय, फक्त इंग्रजी शाळंत गेलेली. आम्ही देव्हारा रिकामा केला, तू कॉम्प्युटरात नवी बाई बसवलीस आणि तिच्या कोपाला भ्याय लागलीस. सरकारनं का ठरवायचं म्हणतीस. हितलं बाप्ये हेल्मेट घाला म्हटलं की असंच बोंबलत्यात, पण फुटलं तर डोकं त्यांचं फुटतं. तू पोराचं पणाला लावलंस.

आता दोन कामं कर. आर्यनला सुई टोच. आणि जिथं ते खोटं लिहिलंस तिथंच खरं लिही, शेवंताबाई असं माझं नाव घालून. साताऱ्याच्या त्या पोरीला काय झालं तर ते माझ्या माथी हाय. टोचणार नसलीस तर जयंतीला येऊ नको. मी दार उघडणार न्हाय.

लोभ असला तर असू दे, नसला तरी सुई टोच.

आज्जी


पुणे
२७ मार्च २००९

ती. आज्जीस, जयभीम.

तुझं पत्र मिळालं. एकवीस तारखेला आर्यनला टोचलं. दोन दिवस अंग गरम होतं, मी सारखी त्याच्या डोळ्यांतच बघत होते. आता खेळतोय.

कट्ट्यावर सगळं लिहिलं, तुझ्या नावासकट. त्या म्हणाल्या, हिला औषध कंपनीनं विकत घेतलंय, असली आज्जी कुठे असते का! मला तिथून काढून टाकलं. साताऱ्याच्या बाईचं उत्तर नाही, आणि मला तिचं खरं नावही माहीत नाही.

मला तुझा राग आलाय, लपवत नाही. आत्याला अजून सांगितलं नसशील तर आधी सांग. अनोळखी बायकांना कळलं आणि तिला नाही, अशा घरात मला बाळाला घेऊन यायचं नाही.

दीक्षा


कोल्हापूर
३ एप्रिल २००९

चि. दीक्षास, शेवंता आज्जीचा जयभीम. आशीर्वाद ठेवलेत, घ्यायचे तर घे.

ज्ञानूचा नातू उठून हुंदडाय लागला. शालूबाईच्या धाकट्याच्या छातीत कफ झालाय, मोठ्या दवाखान्यात ठेवलाय. नर्सबाई अजून फिरतीया.

तुझं पत्र आलं तशी झुंबरपुढं जाऊन बसलो. तुझी दोन्ही पत्रं वाचली आणि माझं काय हुतं ते तोंडानं सांगितलं, काय न गाळता. ती वेत वळत हुती. हात थांबंना, म्हणून मला वाटलं तिनं ऐकलं न्हाय. सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, की बाटली केवढी हुती. एवढी, असं दाखवाय मी तिचं बोट धरलं. तिनं बोट काढून घेतलं.

तवापासनं ती माझ्याशी बोलंना. भाकरी माझ्या हातची खाती, पण ताट आपलं आपण धुती. तुझी आई म्हणती, माफी मागा. मागून काय करू? वर तिलाच माफ करायचं काम लावू व्हय?

जयंतीला ये. पण आलीस की पोर माझ्याकडं देऊ नको. मी हात पुढं केला तरी देऊ नको. आधी आत्याच्या मांडीवर ठेव. तिला त्याचं तोंड चाचपू दे, कितीबी वेळ लागू दे. मग तिनं दिला, तर मी घेईन.

आज्जी