बंद कर, जरा थांब, चालू कर

प्रिय भुणभुण,

मोबाइलवर दोन ओळी खरडून काम भागलं असतं, तरी पत्र लिहितेय. कारण ऐकशील तर हसशील. परवा तुझा दादा आला होता. आल्या आल्या टीव्हीच्या आवाजावरून माझ्यावर ओरडून झालं, आणि मग बोलता बोलता म्हणाला, की तुझं ते खोकं तुला पत्रं पाठवतं. कपाटाखालचं खोकं गं, ज्याला तू सर्व्हर म्हणतेस. ऑफिसच्या मशीनवर करायच्या उचापती आधी ज्याच्यावर करून बघायचीस, तेच. ते अडकलं आणि पुन्हा उठलं की तुला लगेच ईमेल, बंद पडलं होतं, आता बरं आहे. म्हटलं, वा रे वा! खोक्याची खुशाली पोचते, मग आईनेच काय घोडं मारलंय?

आधी कसं होतं, आठवतंय ना? नोकरीसाठी गेलीस आणि ते धूड माझ्या गळ्यात मारून गेलीस. तू तिकडून काहीतरी करायचीस, ते मख्खासारखं अडकून बसायचं, की तुझा फोन. आई, बंद कर. जरा थांब. आता चालू कर. त्यातलं ते ‘जरा थांब’ मला फार आवडायचं. आतली वीज पूर्ण उतरायला हवी म्हणायचीस, आणि तेवढ्यात आपलं बोलणं सुरू. बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, अगं, वीज उतरतेय का पुराचं पाणी? तुझं लग्न मोडल्याचंही तू मला असंच सांगितलंस. माझं बोट बटणावर होतं. मी तशीच फरशीवर बसले, आणि ते खोकं संध्याकाळभर बंदच राहिलं. आणि खरं सांगू? बटण मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. चष्मा कुठे गेला, हे का गं ते, ही सगळी माझी नाटकं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला एक बटण सापडत नाही, हे तुला पटलं तरी कसं?

बोर्डासमोर बसून आम्ही माणसं जोडायचो. कानाला हेडफोन, हातात वायर, या भोकातून काढायची नि त्या भोकात घालायची. ट्रंक कॉल लागेना की समोरचा रडकुंडीला यायचा आणि आम्ही म्हणायचो, थांबा हं, लावून देते. पुढे नंबर आपोआप लागायला लागले आणि आम्हाला बिलांच्या खिडकीवर बसवलं. मशीनवर मी राग धरला नाही. लोकांची सोय झाली, खरंच झाली. फक्त ‘थांबा हं’ म्हणणारं मधे कुणी उरलं नाही.

बाबा गेले तेव्हा आलीस, आणि जाताना ते पांढरं सॉकेट बसवून गेलीस. म्हणालीस, आता तुला वाकायला नको, वीज मी तिकडूनच बंद-चालू करीन. माझ्या गुडघ्यांची तुला काळजी, मी काय बोलणार कपाळ? फोन कमी झाले. पण सॉकेटमधून टक् असा आवाज यायचा, हिरवा दिवा जायचा, जरा वेळाने परत टक्. मला वाटायचं, आहे पोरगी तिकडे. कामात आहे, पण तिचं बोट आत्ता माझ्या घरात आहे. भाजी निवडता निवडता मी म्हणायचे, हो गं, आहे मी इथेच. आणि दादा काय सांगतो, तर बटण कुणी दाबतच नाही! तू एक प्रोग्राम लिहून ठेवलायस, तो मधून मधून खोक्याला हाक मारतो. ओ आली नाही की वीज तोडतो आणि पुन्हा जोडतो. तू त्या वेळी झोपलेलीसुद्धा असतेस. मग इतके महिने मी ओ देत होते ती कुणाला? कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं गं मला.

गोळीचं मात्र आधीच कळलं होतं. रोज सकाळी तुझा मेसेज, आई, बीपीची गोळी घेतलीस का? घेतली म्हटलं की लगेच, शहाणी माझी आई! मागच्या खेपेला आलीस तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होतीस, तोंड उघडं टाकून, आणि माझा फोन वाजला. आई, बीपीची गोळी घेतलीस का? मी तुझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि लिहिलं, घेतली. शहाणी माझी आई! तुला उठवून विचारणार होते, पण इतकी दमलेली दिसत होतीस की राहू दिलं.

तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. पण थोडा देतेय. एवढी मशीनं सांभाळतेस, म्हणून जे आपोआप होईल ते आपोआप करून ठेवलंस, आणि त्यात मीही बसले. तुझं कौतुक मी चारचौघांत मिरवते, खोटं नाही सांगत. पण मला तुझी आठवण येते गं. फार येते. लहानपणी माझ्यामागे घरभर बोलत फिरायचीस, म्हणून तर बाबांनी भुणभुण नाव ठेवलं. मी दिवसभर लोकांचे आवाज ऐकून विटलेली असायचे, म्हणायचे, जरा गप्प बस गं बाई. केवढं ऐकलंस माझं!

आता मुद्द्याचं. दादा म्हणाला, एवढ्यात तिला सांगू नकोस. पण मी सांगणार. टीव्हीच्या आवाजावरून त्याने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. उजवा कान, हेडफोनचा, गेल्यात जमा आहे. डावाही त्याच वाटेला लागलाय. यंत्र बसवू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यातून ओळखीचे आवाज पूर्वीसारखेच ऐकू येतील असं नाही म्हणाल्या. ते टक् मला हल्ली ऐकू येतच नव्हतं, मी नुसता दिवा बघून ओ देत होते. म्हणून काल काय केलं ते ऐक. वाकले. गुडघे कुरकुरले, कुरकुरू देत. खोक्याची वायर तुझ्या सॉकेटमधून उपसली आणि भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये खोचली. हात विसरलेला नाही अजून. आता ते अडकलं की तुझा प्रोग्राम रिकाम्या सॉकेटवर टकटक करत बसेल, आणि तुला ईमेल येईल, की खोकं ओ देत नाही. तेव्हा फोन कर. मला चष्मा सापडणार नाही, बटण तर नाहीच नाही. पण डाव्या कानाला फोन लावून मी इथे बसलेली असेन. बंद कर म्हण, मी बंद करीन. मग म्हण, जरा थांब.

अजून लाइनवर असलेली,
तुझीच
आई