भिंतीपलीकडचं गाणं

मंगळवार, इल्फर्ड, लंडन

संध्याकाळी सासूबाईंबरोबर ती मेक्सिकन मालिका बघत होते. दर भागात नवी बाई, नवे हाल. सबटायटल्स मी त्यांना मराठीत सांगते. आज मालिकेतल्या नवऱ्याने नुसता रेडिओचा आवाज वाढवला, तर सासूबाई म्हणाल्या, "आता मारणार." आणि त्याने बायकोचं डोकं ओट्यावर आपटलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझे सासरे भजनं लावायचे. मोठ्याने."

सासरे! ज्यांच्या फोटोला मी रोज हार घालते, ते?

टीव्ही बंद केला, तरी गाणं चालूच. शेजारचं. रोजचंच. याच आवाजाची मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तक्रार केलीय. आवाजाची! सासूबाईंनी भिंतीला कान लावला, मग लाटणं उचललं.

"आई, थांबा, मी पोलिसांना फोन करते."

"तू कर. मी दार वाजवते. माझं कुणी वाजवलं नाही."

फोन कानाला लावूनच मी त्यांच्या मागे धावले. शेजाऱ्याने दार उघडलं. बोटांवर रक्त. हसून म्हणाला, "सॉरी, म्युझिक टू लाउड?"

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी त्याच बोटांवर लाटणं हाणलं.